साडेपाचचा कोपरा

सांगलीत मला उंदीर मिळत नाहीत असं मी म्हणालो, तेव्हा आमचे शेजारी उदयसिंह इतके हसले की त्यांना ठसका लागला. उदयसिंहांचं गुळाच्या पेठेत अडत दुकान आहे. त्यांच्या वखारीत उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदत आल्या आहेत.

"किती पायजेत सर? उद्या पोतं भरून पाठवतो. वर एक ढेप फुकट."

"तसले नकोत. मला विसरणारे उंदीर पाहिजेत."

उदयसिंहांनी हसू आवरलं. मास्तर लोकांना अधूनमधून असं काहीतरी होतं आणि त्या वेळी त्यांच्याशी सांभाळून बोलावं, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना समजावून सांगितलं की हे उंदीर मुद्दाम तसे तयार केलेले असतात. सहा महिन्यांचे झाले की त्यांची आठवण हळूहळू जायला लागते, माणसाची म्हातारपणी जाते तशी. मग त्यांना औषध देऊन बघायचं.

"मग आमचं चालायचं न्हाईत," ते म्हणाले. "आमच्यातलं एकेक जनावर आज्याच्या बिळाचा पत्ता सांगंल. पण मी काय म्हणतो सर, एवढं शिकून विसरणारे उंदीर पाळण्यापेक्षा हुशार का पाळत न्हाई तुम्ही?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आठ वर्षांत मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांतल्या बहुतेकांचं नव्हतं. मी माधवनगरला राहतो, सांगलीजवळच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो आणि आठ वर्षं पीएच.डी. करतो आहे. पहिली तीन वर्षं लोक ‘कधी होणार?’ असं विचारतात. नंतर ‘अजून चालूच आहे का?’ असं विचारतात. सहाव्या वर्षानंतर विचारायचं थांबतात आणि आपल्यासमोर तो विषय टाळतात, एखाद्याच्या घरातल्या जुन्या दुखण्यासारखा. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्या पत्रात ‘अंतिम’ हा शब्द दोन वेळा होता आणि दुसऱ्या वेळी तो अधोरेखित होता. जूनपर्यंत काम पूर्ण झालं नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली तर कॉलेजातली माझी जागाही जाणार, हे प्राचार्यांनी मला चहा पाजून अतिशय प्रेमानं सांगितलं होतं.

माझा विषय असा : सांगलीच्या हळदीच्या अर्कानं विसरणाऱ्या उंदरांची स्मृती सुधारते का? हा विषय मी का घेतला ते अर्जात लिहिलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, घरातून भाजी आणायला निघाले ते दुपारी एका बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकाशी सापडले. त्या गिरणीत ते विणाईखात्याचे मास्तर होते. पहिल्या पाळीला उशीर झाला म्हणून ते कुलपाशी भांडत होते. कुलपाला ते ‘पहारेकरी’ म्हणत होते. मी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं आणि त्याच आठवड्यात ठरवलं की यावर औषध मीच काढायचं. आता हे लिहितानाही मला लाज वाटते. पण तेव्हा मी तरुण होतो आणि हळद घरात होती.

तर आमच्या घरी रोज सकाळी सात वाजता परीक्षा असते. मी वही घेऊन अण्णांसमोर बसतो आणि दहा प्रश्न विचारतो. आज वार कोणता? महिना कोणता? आपण कुठल्या गावात आहोत? शंभरातून सात गेले किती? दहावा प्रश्न असतो : मी कोण? उत्तरं मी वहीत लिहितो. चहा परीक्षेनंतर, कारण रिकाम्या पोटी उत्तरं स्वच्छ येतात असं मी कुठंतरी वाचलं आहे.

"अहो, आधी चहा तरी द्या त्यांना," सई म्हणते. सई माझी बायको; तिला शास्त्रीय शिस्तीचं वावडं आहे. "बिचारे कपाकडं बघत बसतात."

गेल्या दिवाळीपर्यंत दहाव्या प्रश्नाला मार्क मिळत होता. दिवाळीनंतर अण्णा माझ्याकडे नीट बघून म्हणू लागले, "तुम्ही ते परीक्षेचे मास्तर." उत्तर तसं चूक नव्हतं. तरी मी वहीत शून्य लिहिलं. घरात त्यांना मोरी सापडत नाही म्हणून मी भिंतींवर लाल बाण चिकटवले. अण्णा बाणावरची अक्षरं खणखणीत आवाजात वाचायचे, "मोरीकडे," आणि उलट दिशेनं चालू लागायचे.

असो. उंदरांकडे वळू.

विसरणारे उंदीर शेवटी हैदराबादहून मागवावे लागले. त्याआधी नैतिकता समितीची परवानगी. समितीत नियमाप्रमाणे एक बाहेरचा समंजस नागरिक लागतो. आमचे समंजस नागरिक म्हणजे नानासो, जवळच्या गावचे माजी सरपंच. तीन बैठका नानासोंना लग्नं असल्यामुळे रद्द झाल्या. चौथ्या बैठकीला ते आले, माझं अर्ध्या तासाचं निवेदन डोळे मिटून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "आपण विसरलोय, हे त्या उंदराला कळतंय का?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"मग ठीकाय," नानासो म्हणाले. "कळत नसंल तर काय तरास न्हाई." परवानगी मिळाली. घरी जाताना मात्र तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मग स्टोअरकीपर. कॉलेजात आलेली वस्तू एकतर संपणाऱ्या मालाच्या वहीत लिहायची किंवा टिकणाऱ्या मालाच्या. उंदीर टिकणारे आहेत का, असं त्यांनी मला लेखी विचारलं. मी लेखी कळवलं की साधारण दोन वर्षं टिकतात. त्यावर, दोन वर्षांची वॉरंटी कोण देणार, असं दुसरं पत्र आलं. सोळा उंदीर तीन दिवस टेबलाखाली खोक्यात बसून आपण कुठल्या वहीत जातो याची वाट बघत होते.

आणि मग आलं यंत्र. त्या यंत्राबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही. पूर्वी हे प्रयोग हातानं करायचे. उंदराला चक्रव्यूहात सोडायचं, हातात घड्याळ धरायचं आणि तो कुठं वळतो ते बघायचं. पण माणसाच्या वासानं, आवाजानं, नुसत्या असण्यानंसुद्धा उंदीर बिचकतो आणि निकाल बिघडतात. म्हणून हे यंत्र. लोखंडी खाटेएवढा मोठा पिंजरा, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात एक छोटं दार आणि दारामागं पाण्याची नळी. प्रत्येक उंदराच्या पाठीत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चीप. प्रत्येकाला एक कोपरा नेमून दिलेला. तो आपल्या कोपऱ्यात गेला की दार उघडतं, पाणी मिळतं. चुकीच्या कोपऱ्यात गेला की दार बंद, आणि एक चूक मांडली जाते. वर कॅमेरा. सगळं रात्रंदिवस आपोआप. पुण्याच्या कंपनीचा मल्हार नावाचा इंजिनियर यंत्र जोडून गेला. जाताना म्हणाला, "सर, आता तुम्ही फक्त आलेख बघायचे. माणसाचा हात कुठंही लागत नाही, हीच याची गंमत आहे."

ही गंमत मला फार आवडली. आठ वर्षं माझ्या प्रयोगाला फक्त माणसांचेच हात लागत होते.

पहिल्या आठवड्यात चार वेळा लाईट गेली. लाईट आली की यंत्र जागं व्हायचं आणि आज एक जानेवारी दोन हजार आहे असं ठामपणे सांगायचं. मी मल्हारला फोन केला. "सर, त्याला तारीख आठवत नाही, तुम्ही सांगा," तो म्हणाला. म्हणजे सकाळी सातला घरी अण्णांना तारीख विचारायची आणि दहाला कॉलेजात यंत्राला तारीख सांगायची, असा माझा दिनक्रम सुरू झाला. विसराळूपणावर औषध काढायला निघालेल्या माणसाच्या नशिबी विसरणारं यंत्र यावं, याला मी योगायोग समजलो. सईनं कपाळावर हात मारून घेतला.

प्राणिगृहात यंत्राची देखभाल करायला नाथाजी होते. नाथाजी फलटणकडचे, ऊसवाले शेतकरी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, बोलणं कमी. त्यांना मी पहिल्याच दिवशी नियम समजावून सांगितले : पिंजऱ्याजवळ जायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. एकच अपवाद. एखादा उंदीर दिवसभर योग्य कोपऱ्यात गेलाच नाही तर तो तहानलेला राहतो, म्हणून त्याच्या नंबराचा लाल दिवा लागतो. असा दिवा लागला तर त्या एकट्या उंदराला बाहेरून वाटीत पाणी द्यायचं आणि वहीत तशी नोंद करायची. तो जीव आहे. नियमातच तसं लिहिलेलं आहे.

"जी सर," नाथाजी म्हणाले आणि त्यांनी सलाम ठोकला. मी तो नियम सांगितला आणि विसरून गेलो. वहीवर दर शनिवारी सही करायची हे मात्र विसरलो नाही.

मधल्या काळात उदयसिंहांनी शब्द पाळला. उंदीर नाहीत तर नाहीत, गूळ तरी घ्या, म्हणून दोन ढेपा पाठवल्या. एक सईनं फोडून डब्यात भरली आणि ओट्याखाली, पिठाच्या डब्यांमागं, अगदी कोपऱ्यात ठेवली, कारण मला साखर वाढल्याचं निघालं होतं. दुसरी मी कॉलेजात नेली आणि प्राणिगृहाच्या कपाटात ठेवून दिली. ही ढेप मी स्वतःच्या हातानं तिथं ठेवली, ही गोष्ट पुढं मला फार छळणार होती.

चाळीस दिवस झाले. आठ उंदरांना हळदीचा अर्क, आठांना नुसतंच खाद्य. मी रोज आलेख काढत होतो आणि रोज खचत होतो. हळदवाले चुकत होते, बिनहळदवाले चुकत होते. सात नंबरचा उंदीर तर चाळीस दिवसांत एकदाही स्वतःच्या कोपऱ्यात गेला नव्हता. तो हळदवाल्यांतला होता. मी त्याच्या आलेखाकडे बघायचो आणि घरच्या वहीतला दहावा प्रश्न मला दिसायचा.

आणि मग एका दुपारी ते दिसलं. रोज संध्याकाळी साडेपाचला, दोन-चार मिनिटांच्या फरकानं, सोळाच्या सोळा उंदीर दाराकडच्या एकाच कोपऱ्यात जमत होते. तो कोपरा सोळांपैकी बाराजणांचा नव्हताच! पाणी मिळण्याची शक्यता नसताना, हे प्राणी वेळ ओळखून गोळा होत होते. विसरणाऱ्या उंदरांना काळाचं भान आलं होतं.

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. आठ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या उंदरांनी काहीतरी लक्षात ठेवलं होतं. हळद न मिळालेले आठही जमतात ही अडचण होती, पण ती मी ‘सहवासातून होणारं शिक्षण’ असं नऊ पानी प्रकरण लिहून दूर केली. एका दिवशी मात्र ते त्या कोपऱ्यात साडेसातपर्यंत बसून होते. पंचांग काढून बघितलं तर पौर्णिमा. मग पौर्णिमेवर तीन पानं लिहिली. त्या रात्री मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, औषध सापडलं." अण्णा म्हणाले, "छान झालं. तुमच्या घरी कोण आजारी आहे?"

साताऱ्याच्या एका कॉलेजात माझं अंतिम सादरीकरण ठरलं. मूळ नोंदी, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण आणि वह्या, बरोबर आणायच्या असा नियम होता. चित्रण मी पाहिलेलं नव्हतं. यंत्र आहे म्हटल्यावर चाळीस दिवसांचं चित्रण माणसानं कशाला बघायचं? पेटी जड होती म्हणून नाथाजींना बरोबर घेतलं. साताऱ्याहून तसेच फलटणला जाऊन गावी दोन दिवस राहून येतो म्हणाले. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. मी नवा शर्ट घातला होता. सईनं हातावर दही ठेवलं होतं. अण्णांची परीक्षा मी त्या दिवशी साडेसहालाच उरकली.

परीक्षक होत्या डॉ. चारुलताबाई. साठीच्या आतबाहेर, बारीक अंगाच्या, हळू आवाजाच्या. वीस मिनिटं त्या टिपणं काढत ऐकत होत्या. मी काळाच्या भानावर आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. ते कौतुक आहे असं मला वाटलं.

"हा एक दिवस," त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "इथं ते साडेसातपर्यंत थांबलेत."

"पौर्णिमा," मी नम्रपणे म्हणालो.

"खोलीला खिडकी आहे?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाचं चित्रण बघू या का?"

पडद्यावर आमचा पिंजरा आला. वेळ सव्वापाच. उंदीर कोपऱ्यात जमू लागले. सभागृहात कोणीतरी ‘वा’ म्हणालं. साडेपाच. सहा. उंदीर बसलेले. कोणीतरी चित्रण पुढं पळवलं. सात पंचवीसला पडद्याच्या कडेनं एक हात आला. खाकी बाही, मनगटावर जुनं फौजी घड्याळ. हातात स्टीलची वाटी. हातानं झाकण सरकवलं, वाटी आत ठेवली, मग वाटीच्या बाजूनं सोळा ठिकाणी काहीतरी चिमटीनं ठेवलं. ते काय आहे हे दूरवरूनसुद्धा ओळखू येत होतं. सांगलीचा माणूस गूळ ओळखायला चुकत नाही.

मी मागं वळून बघितलं. शेवटच्या रांगेत नाथाजी उभे राहिले होते, सावधान स्थितीत.

"पौर्णिमा न्हवं बाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "त्या दिशी फलटणला पुतणीचा साखरपुडा हुता. यष्टी उशिरा आली. लेकरं बसून हुती तवर."

"तुम्ही रोज देता?" चारुलताबाईंनी विचारलं.

"व्हय. सायबांनीच सांगितलंय, लाल दिवा लागला की पाणी द्यायचं. सातव्याचा दिवा रोज लागायचा."

"पण त्या एकट्याला द्यायचं होतं, नाथाजी!" मी ओरडलो.

नाथाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पंगतीत काहीतरी भलतं बोललो आहे. "आवं सायब, एकाला वाढायचं आन पंधराजणांनी त्याच्या त्वांडाकडं बघत बसायचं? असला पंक्तिप्रपंच आमच्यात न्हाई करत. पाप हाय ते."

"आणि गूळ?"

"नुसतं पाणी कसं द्यायचं? आल्या-गेल्याला गूळपाणी दिल्याबिगार आमी सवता जेवत न्हाई."

"ते पाहुणे नाहीत! ते पिंजऱ्यात आहेत!"

"हैदराबादवरनं आल्यात न्हवं?" नाथाजी म्हणाले. "एवढ्या लांबनं?"

आता लोक हसायला लागले होते. नाथाजींना ते हसणं लागलं. त्यांनी पेटीतून वही काढली आणि पुढं येऊन चारुलताबाईंच्या टेबलावर ठेवली. "चोरून काय केलं न्हाई. समदं लिवलंय हितं. सायबांची सही हाय."

बाईंनी वही उघडली आणि हळू आवाजात वाचली. "तारीख दोन. पाणी दिले. गूळ दिला. सर्व आनंदी. तारीख तीन. पाणी दिले. गूळ दिला. सर्व आनंदी. सात नंबर आज जास्त खाल्ला." पान उलटलं. प्रत्येक आठवड्याखाली माझी सही होती, मोठी, वळणदार, शेवटी दोन टिंबं दिलेली. ती सही मी कॉलेजात असताना मुद्दाम घटवली होती.

वही मिटून त्यांनी चष्मा काढला. "सर, हा प्रयोग नाही. हा पाहुणचार आहे," त्या म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "मला हे पुढं पाठवता येणार नाही. वाईट वाटतंय, पण नाही येणार."

आठ वर्षं अशी एका वाक्यात संपली. लोक चहाला गेले. पाहुण्यांसाठी समोसे होते. मी पेटी आवरत होतो. चारुलताबाई मात्र पडद्यासमोर बसून होत्या. त्यांनी चित्रण मागं नेलं, पुन्हा बघितलं, पुन्हा मागं नेलं.

"वाटी आत यायच्या आधी सगळ्यांत पुढं येऊन बसलेला हा कितवा?"

मी पाठीवरची खूण बघितली. "सात."

"ज्याला काहीच आठवत नाही तो?"

"हो."

बाईंनी चित्रण बंद केलं. पर्स घेऊन निघून गेल्या. मला त्या क्षणी सात नंबरचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला जाब विचारला असता. चाळीस दिवस मी दार उघडून बसलो होतो आणि हा गड्या दुसऱ्याची वाट बघत होता.

स्टँडवर नाथाजींनी फलटणच्या गाडीकडे पाठ फिरवली आणि माझ्यामागून सांगलीच्या गाडीत चढले.

"गावी जाणार होतात ना?"

"ते बघीन मागनं. पडद्यावर बगितलं न्हवं, लेकरं कशी वाट बघत बसत्यात ती? साडेपाचला पाणी कोण दील?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "सायब, माझ्यामुळं तुमचं लय नुकसान झालं का?"

"आठ वर्षं गेली, नाथाजी. नोकरीही जाईल."

कऱ्हाडपर्यंत ते ताठ बसून होते. हात गुडघ्यांवर, नजर समोर. मला वाटलं, माफी मागतील. कऱ्हाड सुटल्यावर ते म्हणाले, "एक इचारू? वाचायची न्हवती तर सही कशापायी करायचासा?"

मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. कॉलेजच्या फाट्यावर ते उतरले आणि घड्याळ बघत जवळजवळ पळतच फाटकातून आत गेले.

मी माधवनगरला पोचलो तेव्हा सई भाजी आणायला गेली होती. समोरच्या कट्ट्यावर बसून उदयसिंह आमच्या घरावर नजर ठेवून होते. "काय सर, पेढे?" त्यांनी विचारलं. माझा चेहरा बघून ते पेपरात शिरले. शर्टाची इस्त्री मोडली होती, घाम वाळून पाठीवर पांढरे डाग पडले होते. मी चप्पल काढली आणि दारातच उभा राहिलो, कारण आत जाऊन काय करायचं ते मला सुचेना.

अण्णा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कुणाकडं आलाय?"

मी पुष्कर, असं म्हणणार होतो. सकाळी साडेसहाला म्हणालो होतो, काल म्हणालो होतो, दिवाळीपासून रोज म्हणत होतो. आज बळ नव्हतं.

"मास्तरांकडं," मी म्हणालो.

"मग आत या की. दारात काय उभे?" ते उठले. "बसा. उन्हातनं आलाय."

मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलो. अण्णा आत निघाले. बाणांकडे त्यांनी बघितलंही नाही. मी सवयीनं मागं सरकून बघत राहिलो. कुठं चुकतात, कुठल्या दाराशी अडतात. ते अडले नाहीत. स्वयंपाकघरात गेले, ओट्याशी वाकले, पिठाचे दोन डबे बाजूला केले आणि कोपऱ्यातला डबा ओढला. पहिल्याच फेरीत. तो डबा तिथं ठेवलाय हे त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं.

तांब्या आणि बशी घेऊन ते बाहेर आले. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. बशीत गुळाचा खडा होता, चांगला मोठा. मला साखर आहे. मी तो खडा तोंडात टाकला आणि मला रडू आलं. ते लपवायला मी तांब्या तोंडाला लावला.

अण्णा समोर बसून माझं पिणं संपायची वाट बघत होते. मी तांब्या खाली ठेवल्यावर मग म्हणाले, "लांबनं आलाय?"

"साताऱ्याहून."

"काम झालं?"

"नाही झालं."

"होतंय हो," अण्णा म्हणाले आणि तांब्या पुन्हा माझ्याकडे सरकवला. "आधी पाणी घ्या अजून थोडं."